कपड्यांची पानं गाळू नका

श्रोतेहो, नमस्कार. प्रबोधनकाळातल्या इटलीवरची रहस्यकादंबरी वाचून झाली की वाचकांचे दोन तट पडतात. एक म्हणतात, कपडेलत्ते आणि मेजवान्यांची वर्णनं फार, खून कधी होतो कोण जाणे! दुसरे म्हणतात, खुनी शेवटी आभाळातून पडतो. दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच. वर्णनाची पानं भराभर उलटली जातात, आणि धागा नेमका तिथेच असतो. म्हणून कपड्यांची पानं गाळू नका.

खराच खून घ्या. फ्लॉरेन्स, 26 एप्रिल 1478, रविवार. शहरावर हुकमत मेदिची घराण्याची. कॅथेड्रलमध्ये लोरेन्झो आणि जुलियानो या मेदिची भावांना एकाच वेळी मारायचा पाझ्झी या विरोधी घराण्याचा कट. पण जुलियानो आलाच नाही, तब्येत बरी नव्हती. मग फ्रान्चेस्को पाझ्झी आणि बर्नार्दो बांदिनी त्याला आणायला घरी गेले. वाटेत थट्टामस्करी, मध्येच प्रेमाने मिठी. मिठी कशाला? कपड्यांखाली चिलखत आहे का, ते चाचपायला! नव्हतं. जुलियानोवर 19 वार झाले. फ्रान्चेस्को इतका पिसाळलेला, की एक घाव स्वतःच्याच मांडीत बसला. लोरेन्झो मात्र मानेवरच्या जखमेवर निभावला. त्याला मारायचं काम होतं मोन्तेसेक्को या कसलेल्या शिपायाकडे. चर्चमध्ये रक्त सांडणार नाही, म्हणून तो अडून बसला. मग सुऱ्या गेल्या दोन पाद्र्यांच्या हातात. नवखे हात, कट तिथेच फसला.

बांदिनी पळाला तो थेट कॉन्स्टँटिनोपलला. सुलतान मेहमेदने त्याला पकडून परत धाडलं. 29 डिसेंबर 1479 ला फाशी. लटकत्या देहाचं रेखाटन केलं लिओनार्दो दा विंचीने, आणि शेजारी टिपलं काय? टोपी तपकिरी, बंडी काळ्या सॅटिनची, कोट निळा, त्याला कोल्ह्याच्या फरचं अस्तर. आता सांगा, कपड्यांची पानं गाळायची?

तारखांचं थोडक्यात. फ्लॉरेन्सचं वर्ष तेव्हा 25 मार्चला सुरू व्हायचं. पत्रावर फेब्रुवारी 1478 असेल, तर आपल्या हिशेबाने ते 1479. तास सूर्यास्तापासून मोजत. ‘रात्रीचा तिसरा तास’ संपतो डिसेंबरात साडेसातच्या सुमारास, जूनमध्ये पावणेअकराला. साक्षीदाराला खोटं ठरवण्याआधी महिना बघा. आणि 1478 च्या स्वयंपाकघरात टोमॅटो शिजत असेल, तर पुस्तक खुशाल मिटा. कोलंबसच अजून निघालेला नाही!

राहिली नावं. या एका कटात फ्रान्चेस्को तीन: मारेकरी पाझ्झी, त्याला सामील आर्चबिशप साल्व्हियाती, आणि लोरेन्झोला वाचवताना मेलेला नोरी. वाचताना पानात खुणेला ठेवता त्या कागदावर पात्रांची नावं टिपा; नुसतं नाव नको, पुढे घराणं आणि हुद्दाही लिहा. पात्रांची यादी पुस्तकाच्या शेवटी छापायची खोड काही प्रकाशकांना आहे. ती सापडते, तेव्हा खुनी सापडून गेलेला असतो.