त्याचा चेंडू, तिची बॅट

टेबल टेनिसच्या चेंडूचे वजन अवघे २.७ ग्रॅम असते आणि टेबलाची लांबी २.७४ मीटर. इतका हलका चेंडू आणि इतके तोकडे अंतर असलेल्या खेळात पुरुष आणि महिला वेगवेगळे का खेळतात, असा प्रश्न हा खेळ जवळून पाहणाऱ्याला पडतोच, आणि तो रास्त आहे.

ताकद म्हणजेच सारे काही नाही, हे मुंबईने फार पूर्वी पाहिले आहे. १९५२ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत भरली, तेव्हा चष्मा लावणाऱ्या, किरकोळ अंगकाठीच्या हिरोजी सातो या जपानी खेळाडूने जाड स्पंजच्या बॅटने भल्याभल्यांना हरवून विजेतेपद पटकावले. स्पंजमुळे बॅटवर चेंडू आदळल्याचा टक् असा आवाजच येईनासा झाला आणि त्या आवाजावरून फटक्याचा अंदाज बांधणाऱ्यांची पंचाईत झाली.

परंतु आजचा खेळ फिरकीचा आहे, आणि फिरकी काही एकट्या मनगटातून येत नाही. टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका, मारताना जोर तळपायातून उठतो, मांडी, कंबर आणि खांदा यांतून चढत जातो आणि शेवटी बॅटच्या वेगात उतरतो. पुरुषांच्या चेंडूला अधिक वेग आणि अधिक फिरकी मिळते ती इथे. त्यामुळे पुरुष टेबलापासून बरेच मागे जाऊनही रॅली चालू ठेवू शकतात, तर महिलांच्या खेळात टेबलाजवळ राहून, चेंडू उसळताक्षणीच घेण्यावर अधिक भर असतो. चीनच्या महिला संघाच्या सरावासाठी पुरुष खेळाडू मुद्दाम नेमले जातात, कारण वेग आणि फिरकीने जड झालेला तो चेंडू रोज अंगवळणी पडला की सामन्यातला चेंडू सोपा वाटू लागतो.

एकेरीचे गट एकत्र केले, तर सर्वोच्च पातळीवर अखेरच्या फेऱ्यांतून महिलांची नावे जवळजवळ पुसली जातील. आपल्याकडे बँकेतली, रेल्वेतली किंवा तेल कंपनीतली खेळाडूची नोकरी बहुधा पदकांच्या आधारावर मिळते, हे लक्षात घेतले तर तो तोटा केवळ मानाचा राहत नाही. म्हणून एकेरी वेगळीच असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही पुरुष आणि महिला या खेळात समोरासमोर येतातच, आणि तेही पहिल्यापासून. १९२६ मध्ये लंडनला झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत मिश्र दुहेरी, म्हणजे एक पुरुष आणि एक महिला अशा जोड्यांची लढत, होती. महिला दुहेरी त्यानंतर आली. दुहेरीत दोन्ही जोडीदारांना आळीपाळीनेच चेंडू मारावा लागतो आणि कोणी कोणाचा चेंडू घ्यायचा, याचा क्रम ठरलेला असतो. हा क्रम कसाही लावला, तरी चौघांपैकी एका पुरुषाचा फटका समोरच्या महिलेकडेच येतो. प्रत्येक गेमनंतर क्रम बदलतो, त्यामुळे ही कसोटी दुसऱ्या जोडीतल्या महिलेच्या वाट्याला जाते. आणि निर्णायक गेममध्ये एका बाजूचे पाच गुण होताच तो पुन्हा बदलतो. कोणालाही सूट न देणारा इतका न्याय्य नियम दुसऱ्या खेळात क्वचितच सापडेल.

२६ जुलै २०२१ रोजी, टोकियो ऑलिम्पिकच्या मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात, एका क्रमात चीनच्या शू शिन यांचा डावखुरा टॉपस्पिन थेट जपानच्या मिमा इतो यांच्याकडे येत होता. तिथे तिचे काम पाहण्यासारखे असते: जोडीदार फटका मारून बाजूला होतो न होतो तोच त्याने मोकळ्या केलेल्या जागेत शिरायचे, बॅट किंचित पुढे झुकवायची आणि समोरच्याचाच वेग वापरून चेंडू परत लोटायचा. इतो यांच्या बॅकहँडला आखूड पिंपल्सचे, म्हणजे बारीक उंचवटे बाहेरच्या बाजूला असलेले, रबर असते. त्यावर फिरकीची पकड कमी बसते आणि चेंडू सपाट, अनपेक्षित येतो. पहिले दोन गेम गमावूनही जून मिझुतानी आणि इतो यांनी शू शिन व लिऊ शिवेन या चिनी जोडीला ४-३ असे हरवले. इवाता या एकाच गावचे हे दोघे, वयात अकरा वर्षांचे अंतर असलेले.

आपल्याकडे मुंबईची दिया चितळे आणि गुजरातचा मानुष शाह यांनी २०२५ मध्ये ट्युनिसच्या डब्ल्यूटीटी (वर्ल्ड टेबल टेनिस) कंटेंडर या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मिश्र दुहेरी जिंकली. २०१७ पासून चालणाऱ्या अल्टिमेट टेबल टेनिस या भारतीय लीगमध्ये महिलेने जिंकलेला एक गेम आणि पुरुषाने जिंकलेला एक गेम संघाच्या खात्यात सारखाच जमा होतो, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पुरुष व महिला सांघिक स्पर्धांच्या जागी मिश्र सांघिक स्पर्धा होणार आहे.

उरतो तो लहान मुलांचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. अकरा वर्षांखालील मुलामुलींच्या शरीरबळात फारसा फरक नसतो. क्लबमध्ये ती रोज एकाच टेबलावर एकमेकांविरुद्ध खेळतात, आणि स्पर्धेच्या दिवशी मात्र त्यांचे ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याच्या याद्या, वेगळे लागतात. निदान त्या वयोगटाचा एक तरी ड्रॉ एकत्र काढून पाहायला हवा.