पेटीवर आधी नाव लावा
(जर्मनीला शिकायला निघालेल्या विद्यार्थ्यांसमोर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

बॅगेत किती किलो बसतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. त्यामुळे मी सामानाबद्दल बोलत नाही, पोस्टमनबद्दल बोलते.

जर्मनीत आखेनला आम्ही तिघी एका फ्लॅटमध्ये राहायचो. एक जर्मन, एक अमेरिकेतली, ओहायोची, आणि मी. बँकेत खातं उघडून मी कार्डाची वाट बघत बसले. दोन आठवडे गेले, तीन गेले. चौकशी केली तर पत्र केव्हाच परत गेलेलं! रस्ता बरोबर, घर क्रमांक बरोबर, पिनकोड बरोबर. पण खालच्या पत्रपेटीवर माझं नाव नव्हतं. आपण पत्ता कसा लिहितो? 'फ्लॅट नं. ७, दुसरा मजला, मारुतीच्या देवळासमोर.' ओहायोच्या मुलीनंही सवयीनं अपार्टमेंट नंबर टाकला होता. तिचंही पत्र परत. तिथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. पोस्टमन पेट्यांवरची आडनावं वाचतो. सापडलं तर पत्र आत, नाही तर आल्या पावली माघारी. जर्मन मैत्रिणीला आम्ही विचारलं, 'अगं, सांगितलं का नाहीस?' ती म्हणाली, 'यात सांगायचं काय?'

तिथली निम्मी फजिती या 'यात सांगायचं काय' मुळे होते. नियम कुणी लपवत नाही, पण तुम्हाला तो ठाऊक असणारच असं सगळे धरून चालतात.

आणि पत्र चुकणं तिथे परवडत नाही. बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या. आरोग्य विम्याचं कार्ड पोस्टानं. कराचा अकरा आकडी नंबरही पोस्टानं, आणि तो येतो तुम्ही 'आनमेल्डुंग' केल्यावर, म्हणजे नव्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद केल्यावर. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ही नोंद करायची. त्यासाठी घरमालकाची सही असलेला एक कागद लागतो. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. एका दमात म्हणून दाखवेल त्याला चहा माझ्याकडून. मोठ्या शहरांत या कामाची वेळ पटकन मिळत नाही, म्हणून पत्ता पक्का झाला की इथूनच ऑनलाइन वेळ घेऊन ठेवा. आणि खोली स्वस्त आहे पण 'इथे नोंदणी करता येणार नाही' असं कुणी म्हणालं, तर ती खोली घेऊ नका. कितीही स्वस्त असली तरी.

नोंदणी झाली की थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं. महिन्याला १८.३६ युरो. 'माझ्याकडे टीव्हीच नाही' हे उत्तर चालत नाही. ओहायोची बाई ते पत्र जाहिरात समजून फेकत राहिली आणि शेवटी दंडाची नोटीस आली. वर्गणी घरामागे एकच असते, माणशी नाही. घरातलं कुणी भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवा आणि आपसांत वाटून घ्या.

एका बाबतीत मात्र अमेरिकन मित्रांचा सल्ला ऐकू नका. ते व्हिसाशिवाय जर्मनीत उतरतात आणि राहण्याचा परवाना तिथे जाऊन काढतात. आपल्याला इथूनच व्हिसा काढावा लागतो, आणि त्यासाठी बहुतेकांना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, पैसे अडकवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो झाली. विजेत मात्र आपली सरशी. अमेरिकनांची उपकरणं ११०-१२० व्होल्टची. मैत्रिणीचा हेअर ड्रायर पहिल्याच सकाळी जळका वास सोडून गेला. आपला मिक्सर २३० व्होल्टवर मजेत चालतो, फक्त पिनेला अडॅप्टर हवा.

मिक्सरवरून आठवलं. रात्री साडेदहाला मी चटणी वाटायला घेतली आणि दारावर टकटक. खालच्या मजल्यावरच्या आजी. रागावल्या नाहीत, फक्त घड्याळाकडे बोट दाखवलं. रात्री १० ते सकाळी ६ शांतता, आणि रविवारी दिवसभर. रविवारी ड्रिल नाही, काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकणं नाही, आणि दुकानंही बंद. हा नुसता रिवाज नाही: जर्मनीच्या १९१९ च्या वायमार राज्यघटनेतलं रविवारच्या विश्रांतीचं कलम १९४९ च्या राज्यघटनेत जसंच्या तसं उचललं आहे. शनिवारी संध्याकाळी उतरणार असाल तर आधी दूध-ब्रेड घ्या, मग झोपा. विसरलात तर रेल्वे स्टेशनवरची दुकानं आणि पेट्रोल पंप आहेत, महाग पडतील. सकाळी काही तास बेकऱ्याही उघड्या असतात.

प्लॅस्टिकची पाण्याची बाटली टाकून देऊ नका. तिच्यावर २५ सेंट अनामत भरलेली असते. सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये सरकवली की चिठ्ठी मिळते, ती काउंटरवर दिली की पैसे परत. बाटली चेपू मात्र नका. मशीनला शिक्का वाचता आला नाही तर ती बाहेर ढकलते.

शेवटी कुणीतरी चिठ्ठीवर विचारलंय, 'कुकर न्यावा का?' न्या, लहानसा न्या. फक्त पहिली शिट्टी होण्याआधी खालच्या आजींना जाऊन सांगा. मी सांगितलं नव्हतं. त्या पुन्हा वर आल्या, आणि या वेळी स्फोट झाला का, असं विचारत.