आलू लाल का होतो?

(दृश्य: पहाट. कळमना मार्केट. ट्रकमधून आलूचे कट्टे, म्हणजे पोती, उतरताहेत.)

नागपुरात बटाट्याला आलूच म्हणतात. आणि इथे चिप्सवाला भाव नंतर विचारतो. आधी विचारतो, "गोड तं नाही नं, भाऊ?"

हा गोडवा जिभेला कळेलच असं नाही, पण कढईत लपत नाही. तेलात पडताच आलूतलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अमिनो आम्लांशी जुळतं. काप लाल होतो, मग तपकिरी, मग कडू. आपण उगाच तेलाला नावं ठेवतो! चिप्ससाठी १०० ग्रॅम आलूत ही साखर १०० मिलिग्रॅमच्या आत हवी.

(दृश्य: बादली, मीठ, दोन आलू.)

दुसरी परीक्षा पाण्याची. एक लिटर पाण्यात सव्वाशे ग्रॅम मीठ विरघळवा, आलू सोडा. तरंगला तो पाणचट. बुडाला तो कामाचा, त्यात घन भाग साधारण २० टक्क्यांच्या वर. पाणचट आलू तळताना पाणी सोडतो आणि त्या जागी तेल पितो. कुफरी पुखराज वाणाचा आलू असाच. भाजीला छान, शेतात भरघोस, कढईत निकामी.

शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये कुफरी चिप्सोना-१ आणि चिप्सोना-२ हे वाण दिले, ते खास चिप्ससाठी. गोल ते लंबगोल, उथळ डोळ्यांचे. फ्रेंच फ्राइजला लांबट आलू लागतो, त्यासाठी पुढे कुफरी फ्रायसोना आला.

(दृश्य: शीतगृहाचं जाड दार.)

पण नुसतं वाण बघून भागत नाही. हाच चिप्सोना २ ते ४ अंश थंडीत ठेवला, की स्टार्चची साखर होऊ लागते. म्हणून चिप्सचा माल १० ते १२ अंशांवर ठेवतात. तिथे कोंब फुटतात, ती वेगळी डोकेदुखी. त्यामुळे कट्ट्यावरचं नाव वाचून झालं, तरी जाणता गिऱ्हाईक चार काप तळून बघतोच. तेल १८० अंशांवर, काप दीड मिलिमीटरचा. बुडबुडे थांबले की काढायचा आणि रंग बघायला पांढऱ्या कागदावर ठेवायचा.

(दृश्य: नागपुरातल्या महाल भागातली गच्ची. जुन्या धोतरावर पसरलेले काप.)

आजीकडे ना थर्मामीटर, ना वाणाचं नाव. पण तिचं वाळवण फाल्गुन-चैत्रातलं, नव्या आलूचं. शीतगृहाचं तोंडही न पाहिलेल्या. काप गरम पाण्यातून काढताना उरलीसुरली साखर पाण्यात उतरते. वरून तुरटीचा खडा फिरवलेला. आषाढी एकादशीला डबा उघडला, की चिप्स पांढरे शुभ्र फुलतात.