सलग नऊ वर्षांची राणी

मंडळी, महिला बॅडमिंटन म्हटलं की आपल्या तोंडी सायना आणि सिंधू ही दोन नावं येतात. मी आज बोलणार आहे ते या दोघींच्या आधीच्या एका मुलीबद्दल. अपर्णा पोपट, आपल्या मुंबईची. 1997 ते 2006 या काळात सलग नऊ वेळा राष्ट्रीय विजेती. सलग नऊ म्हणजे थेट प्रकाश पदुकोण यांच्या विक्रमाशी बरोबरी! तरी आज तिचं नाव घेतलं की समोरचा जरा आठवायला लागतो.

ती काही आभाळातून पडली नव्हती. चाळीसच्या दशकात पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांच्या मुलींनी हा खेळ गाजवला होता. हो, तेच क्रिकेटवाले देवधर. पुढे मुंबईच्या अमी घिया आल्या. 1978च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी कंवल ठाकर सिंग यांच्या जोडीनं दुहेरीत कांस्यपदक आणलं. अपर्णाच्या हातात रॅकेट आली ती अनिल प्रधान यांच्या देखरेखीखाली. 1994मध्ये बंगळुरूला पदुकोण यांची अकादमी निघाली आणि ती तिकडे गेली. वय सोळा. घर मुंबईत आणि सराव बंगळुरूत, हा निर्णय त्या काळी सोपा नव्हता.

दोनच वर्षांत, 1996 साली डेन्मार्कमध्ये जागतिक कुमार स्पर्धेत तिनं रौप्यपदक मिळवलं. 1998मध्ये क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीत पुन्हा रौप्य. अंतिम फेरीत वेल्सची केली मॉर्गन भारी पडली.

आता थोडं खेळाबद्दल, कारण त्याशिवाय तिची गोष्ट कळत नाही. तेव्हा महिला एकेरीचा गेम 11 गुणांचा असे आणि गुण मिळे तो फक्त सर्व्हिस करणाऱ्याला. समोरच्याच्या हातात सर्व्हिस असताना तुम्ही रॅली जिंकलीत तर पंच नुसतं ‘सर्व्हिस ओव्हर’ म्हणत, फलक जागचा हलत नसे. दहा-दहा मिनिटं घाम गाळायचा आणि गुण तिथल्या तिथेच! असल्या खेळात घाई करणारा मरतो. अपर्णा धावपळीच्या ताकदीपेक्षा फटक्यांवर खेळणारी. एकेरीत मागच्या रेषेवरून खेळताना टॉससाठी (मागे उंच जाणारा फटका) आणि ड्रॉपसाठी (नेटजवळ अलगद टाकलेला फटका) हात वर जातो तो सारखाच, खांदा सारखाच. फूल, म्हणजे शटल, रॅकेटला लागायच्या क्षणी मनगट काय करतं त्यावर ते मागच्या रेषेवर पडणार की नेटला चाटून खाली, हे ठरतं. समोरची बाई तोवर एक पाऊल चुकीच्या बाजूला टाकून बसलेली असते. हे मनगट लक्षात ठेवा.

मग ती जगज्जेती का झाली नाही? माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. देशात तिला हरवणारं कुणी नव्हतं, आणि हीच तिची पंचाईत होती. चीनच्या गोंग झिचाओला घरच्या सरावातच रोज तोडीस तोड मुली भेटत. 2000 साली सिडनीचं सुवर्ण गोंगनं घेतलं, 2004 साली अथेन्सचं झांग निंगनं. अपर्णा या दोन्ही ऑलिंपिकला खेळली. पण तिच्या पाठीमागून धापा टाकत येणारी दुसरी भारतीय मुलगी बराच काळ नव्हतीच. पुरुषांत त्याच अकादमीतून गोपीचंद तयार झाले, 2001 साली ऑल इंग्लंड जिंकले आणि सगळा प्रकाशझोत साहजिकच तिकडे गेला.

सिडनीच्याच वर्षी आणखी एक भानगड झाली. सर्दीवरच्या साध्या औषधातला एक घटक प्रतिबंधित यादीत निघाला आणि अपर्णावर काही काळ बंदी आली. मेडिकलच्या दुकानात कुणालाही मिळणारं औषध! आज खेळाडू डोकं दुखलं तरी डॉक्टरांना विचारून गोळी घेतात. तेव्हा हे सांगणारं कोण होतं? तरी सप्टेंबरात ती सिडनीत उतरली. 2002मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं कांस्य आलं. तिथे तर गेमच सात गुणांचे होते, पाचांतले तीन जिंकायचे. जागतिक बॅडमिंटन महासंघाचा तो प्रयोग पुढे गुंडाळला गेला. 2005 साली अर्जुन पुरस्कार मिळाला.

2006च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात तिच्यासमोर उभी होती पंधरा वर्षांची सायना नेहवाल. अपर्णा जिंकली, नववं विजेतेपद. पाठलाग करणारी मुलगी अखेर आली, पण तोवर अपर्णाचं मनगट दुखावलं होतं. त्याच वर्षी मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मिश्र सांघिक कांस्य जिंकणाऱ्या भारतीय संघात ती होती, आणि त्याच वर्षी तिनं रॅकेट खाली ठेवलं. वय अठ्ठावीस. योगायोग असा की गुणपद्धतही त्याच वर्षी बदलली. 21चा गेम, प्रत्येक रॅलीला गुण. सायनानं मे महिन्यात फिलिपिन्स ओपन जिंकली, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

नव्या पद्धतीत अपर्णा टिकली असती का, असं मघाशी कुणीतरी विचारलं. मला वाटतं, मनगट शाबूत असतं तर दोन-तीन वर्षं सहज. आणि सायनाला घरच्या घरीच घाम गाळावा लागला असता.