एजीपीची खाच

[दृश्य : टेबलावर तीन जुनी ग्राफिक्स कार्डं, सोनेरी दातांची कड कॅमेऱ्याकडे.]

ही तिन्ही कार्डं एजीपीचीच, म्हणजे मदरबोर्डवर फक्त ग्राफिक्स कार्डासाठी असलेल्या स्लॉटची. पण दातांच्या ओळीत खाच कुठे आहे ते बघा. पहिल्याची खाच मागच्या लोखंडी पट्टीच्या जवळ आहे, हे ३.३ व्होल्टवर चालणारं जुनं कार्ड. दुसऱ्याची पट्टीपासून लांब, म्हणजे १.५ व्होल्ट. तिसऱ्याला दोन्ही खाचा, म्हणजे ते दोन्हींवर चालतं. निदान चालायला हवं. घरच्या कॉम्प्युटरवर कुठला गेम चालणार, हे त्या काळी कार्डाच्या खोक्यापेक्षा मदरबोर्डवरचा स्लॉट ठरवायचा.

एजीपी येण्याआधी सगळा भार पीसीआय या सगळ्या कार्डांच्या सामायिक स्लॉटवर होता. सेकंदाला १३३ एमबी, आणि त्यातही साउंड कार्ड, लॅन कार्ड वाटेकरी. १९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू ग्राफिक्स कार्ड आलं ते याच स्लॉटवर. मेमरी ४ एमबी, आणि काम फक्त थ्रीडीचं. साध्या डेस्कटॉपसाठी दुसरं कार्ड लागायचंच. त्याची केबल वूडूत आणि वूडूची मॉनिटरला, अशी साखळी. ऑर्किडच्या रायटियस थ्रीडी या वूडू कार्डावर खराखुरा रिले, म्हणजे विजेने हलणारा स्विच, होता. गेम सुरू झाला की कॅबिनेटमधून ‘टिक्’ असा आवाज यायचा. १९९८ च्या वूडू २ मध्ये दोन कार्डं रिबन केबलने जोडता येत. एक कार्ड पडद्यावरची एक ओळ काढायचं, दुसरं पुढची. एकट्या कार्डाची झेप ८०० बाय ६०० पर्यंत, जोडीची १०२४ बाय ७६८.

एजीपी स्लॉट १९९७ पासून बोर्डांवर दिसू लागला. सुरुवातीला सेकंदाला २६६ एमबी, आणि शेवटच्या ८एक्स आवृत्तीपर्यंत २ जीबीच्या थोडं वर. प्रतिस्पर्धी एन्व्हिडियाचं जीफोर्स २५६ हे कार्ड १९९९ चं. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता एन्व्हिडियालाच विकायचं ठरवलं.

[दृश्य : मदरबोर्ड, वरून. पीसीआय स्लॉटच्या शेजारी नुसती रिकामी जागा.]

आता आपल्याकडचं घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेले असेंबल्ड कॉम्प्युटर घरोघरी आले, तेव्हा इंटेल ८१० चिपसेटचे (बोर्डाचा कारभार बघणाऱ्या मुख्य चिपांचे) बोर्ड सर्रास असत. ग्राफिक्स बोर्डावरच, तेही मुख्य रॅममधला वाटा घेऊन. आणि एजीपी स्लॉट नाहीच! २००२ च्या ८४५जीएलमध्येही तोच प्रकार. नावातलं एक ‘एल’ गेलं, नुसतं ८४५जी असलं, की एजीपीची सोय. बिलावर हा फरक कोण वाचणार? पुढे गेमसाठी कार्ड घ्यायची वेळ आली, की अशा बोर्डवाल्यांना पीसीआयचं कार्ड शोधावं लागे, आणि तिथे पुन्हा १३३ एमबीचीच वाट.

स्लॉट असला तरी फसगत टळत नव्हती. २००२ चं जीफोर्स ४ एमएक्स ४४० नावाने चौथ्या पिढीचं, पण आतून जीफोर्स २ च्या जातीचं. २००१ च्या जीफोर्स ३ मध्ये असलेले पिक्सेल शेडर (पडद्यावरच्या ठिपक्यांचा रंग-प्रकाश ठरवणारी सोय) यात नव्हते. २००३ साली प्रिन्स ऑफ पर्शियाचा ‘सँड्स ऑफ टाइम’ आला. त्याला शेडर लागायचे, म्हणून एमएक्सवर तो चालतच नसे. हळू चालणं वेगळं आणि अजिबात न चालणं वेगळं.

मग एन्व्हिडियाचंच जीफोर्स एफएक्स ५२००. यात शेडर होते, ताकद नव्हती. त्यातही मेमरीचा मार्ग काही कार्डांत १२८ बिटांचा, काहींत ६४. खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरात ‘१२८ एमबी’ किंवा ‘२५६ एमबी’, बिटांचा उल्लेख नाही. ओळखायचं कसं? मेमरीच्या चिपा मोजा. दोन्ही बाजूंना पायांची रांग असलेली लांबट डीडीआर चिप बहुधा १६ बिटांची असते. आठ असतील तर १२८ बिट. पुढून-मागून मिळून चारच भरल्या, तर ६४, म्हणजे वेग निम्मा. जुन्या बाजारातून कार्ड घेताना आधी हे मोजा, मग भाव करा.

आणि ते दोन खाचांचं कार्ड. एन्व्हिडियाच्या टीएनटी २ च्या काही स्वस्त कार्डांना दोन्ही खाचा पाडलेल्या असत, पण आतून ती ३.३ व्होल्टचीच. इंटेल ८४५ ला फक्त १.५ व्होल्ट सोसतात. असं कार्ड त्यात बसतं छान, आणि बोर्डाची चिप जळते. काही आसुस बोर्डांवर यासाठी लाल दिवा होता. तो लागला की बोर्ड चालूच होत नसे. तुमच्या बोर्डावर दिवा नसेल, तर खाचेवर विसंबू नका, कार्डाचं मॉडेल शोधा.

[दृश्य : उघडं कॅबिनेट. प्रोसेसरशेजारी फुगलेले कपॅसिटर.]

असा कॉम्प्युटर माळ्यावरून खाली काढला, तर लगेच बटण दाबू नका. आधी प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर बघा. २००० च्या आसपासच्या अनेक बोर्डांत सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर लागले. आत वायू साठतो, डोकं फुगतं, तपकिरी खपली येते. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचे आणि लो-ईएसआर, म्हणजे आतला रोध कमी असलेले. काढण्याआधी फोटो घ्या. बोर्डावरचा रंगवलेला अर्धा भाग बहुतेक ठिकाणी ऋण बाजू दाखवतो, पण काही कंपन्यांनी उलटी खूण केली आहे. ग्राउंडचं तांबं उष्णता ओढून घेतं, त्यामुळे २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न तिथे रडतं. ६० चं घ्या.

कार्डाचे दात पांढऱ्या मऊ खोडरबराने हलके पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. शाई खोडायचं निळं रबर नको, ते सोनं खरवडतं. कोकणात, समुद्राकाठी, हिरवट डाग पडलेले असतात. तिथे घाई करू नका. बोर्डावरची सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी नवी टाका. अवॉर्ड कंपनीचा बायोस (बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्राम) असेल आणि एक लांब, दोन आखूड बीप आले, तर कार्ड काढून पुन्हा नीट दाबून बसवा.

एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, हाही तपासा. बऱ्याच अॅथलॉन एक्सपी (एएमडीच्या प्रोसेसरच्या) बोर्डांत प्रोसेसरची वीज ५ व्होल्टवरून जाते, तर नव्या एसएमपीएसची बहुतेक ताकद १२ व्होल्टवर. त्यामुळे ५०० वॉटचा नवा डबा लावूनही गेममध्ये मशीन बंद पडतं. लेबलवर ५ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. एजीपी स्लॉट स्वतः जेमतेम ४० वॉट देतो, म्हणून २००२ च्या रेडिऑन ९७०० प्रोला फ्लॉपीची पॉवर केबल वेगळी लावावी लागते. ती राहिली, तर दोष कार्डाचा नाही.

विंडोज ९८ टाकलं, तर आधी चिपसेटचा ड्रायव्हर, मग ग्राफिक्सचा. व्हिया कंपनीच्या चिपसेटवर हा क्रम चुकला की एजीपी नीट चालत नाही आणि गेम गोठतात. या विंडोजसाठी एन्व्हिडियाचा अधिकृत शेवटचा ड्रायव्हर ८१.९८. शिवाय ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम असली, की विंडोज ९८ ‘मेमरी अपुरी’ म्हणून अडून बसतं. सिस्टिम डॉट आयएनआय फाइलमध्ये व्हीकॅशखाली मॅक्सफाइलकॅशची मर्यादा घालता येते. एवढी खटपट नको असेल, तर रॅमची एक स्टिक काढून ठेवा.