आंदीजच्या बर्फातले ७२ दिवस

(दृश्य: पांढरीशुभ्र दरी. मधोमध पंख तुटलेल्या विमानाचा सांगाडा. फक्त वाऱ्याचा आवाज.)

चॉकलेटमध्ये बुडवलेला एक शेंगदाणा. या विमानातून वाचलेल्या नांदो पर्रादोने तो तीन दिवस पुरवला. पहिल्या दिवशी वरचं चॉकलेट नुसतं चोखलं, दुसऱ्या दिवशी दाण्याची एक पाकळी खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी दुसरी. मग हातात काहीच उरलं नाही.

१३ ऑक्टोबर १९७२. उरुग्वेच्या हवाई दलाचं विमान चिलीतल्या सांतियागोकडे चाललं होतं. आत ४५ माणसं: रग्बी खेळणारी तरुण पोरं, त्यांचे मित्र, नातलग आणि विमानाचे कर्मचारी. डोंगररांग ओलांडून झाली अशा समजुतीने वैमानिकांनी ढगांतून विमान खाली घेतलं, आणि ते ऐन आंदीजमध्ये आदळलं. उंची सुमारे साडेतीन हजार मीटर. तिथे गवताचं पातंसुद्धा उगवत नाही. पोरांनी सीटमधले पत्रे काढून उन्हात धरले आणि त्यावर बर्फ वितळवून पाण्याची सोय केली. अन्नाची सोय मात्र कशातूनच होईना.

काही दिवसांनी ट्रान्झिस्टरवर बातमी आली: शोध थांबवलाय.

(दृश्य: विमानाच्या आतला अंधार. श्वासाची वाफ.)

जीव वाचवायची वेळ आली की माणूस जनावर होतो आणि धर्म त्याला आवरतो, असं आपण सहज बोलून जातो. त्या सांगाड्यात जे घडलं ते मला याच्या उलट वाटतं. बाहेर बर्फात मित्रांची प्रेतं होती. भुकेने आतड्यांना पीळ पडत होता, तरीही हात पुढे होईना. घशाखाली घास उतरू न देणारी किळससुद्धा देहाचीच होती. वैद्यकीचा विद्यार्थी असलेला रोबेर्तो कानेसा पोटतिडकीने समजावत होता की आपलं शरीर आता स्वतःचेच स्नायू जाळतंय. ते सगळ्यांना पटत होतं, पण पटणं निराळं आणि गिळणं निराळं.

बहुतेक पोरं कॅथलिक घरांतली होती. रोज रात्री अंधारात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची. त्यांच्यातल्या काहींना आठवलं ते ख्रिस्ताचं शेवटचं भोजन: हे माझं शरीर आहे, घ्या आणि खा. लहानपणापासून मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ऐकलेले ते शब्द तिथे वेगळ्याच वजनाने कानावर आले. मग त्यांनी एकमेकांना वचन दिलं: मी मेलो तर माझा देह तुमचा. कानेसा फुटक्या काचेचा तुकडा घेऊन बाहेर गेला.

गुस्तावो निकोलिच या मुलाने आपल्या प्रेयसीला पत्र लिहिलं. आपल्या देहाने कुणाचा जीव वाचणार असेल तर तो आनंदाने देईन, अशा अर्थाचं त्यात आहे. २९ ऑक्टोबरच्या रात्री हिमकडा कोसळून विमानात शिरला. आठ जण गाडले गेले. निकोलिच त्यांतला एक.

म्हणूनच श्रद्धेने त्यांना वाचवलं, असं म्हणायला माझी जीभ धजावत नाही. गेलेल्यांच्या कानांवरही तीच रोझरी पडत होती. त्यांच्यातल्याच नुमा तुर्कातीला ते अन्न अखेरपर्यंत नीट जाईना. तो झिजत झिजत ११ डिसेंबरला गेला. चर्चने पुढे सांगितलं की यात पाप नव्हतं. नुमापर्यंत ते पोचायला फार उशीर झाला होता.

(दृश्य: उभा बर्फाळ कडा. तीन ठिपके वर सरकताहेत.)

दुसऱ्याच दिवशी तिघे निघाले: पर्रादो, कानेसा आणि अंतोनियो विझिंतिन. गिर्यारोहणाचं साहित्य नाही, अंगावर स्वेटरांचे थर आणि विमानाच्या आवरणातून शिवलेली झोपायची पिशवी. पर्रादोची आई आणि बहीण याच बर्फात गेली होती. देवाबद्दल त्याच्या मनात शंका होत्या, पण वडिलांपर्यंत पोचायचंच, एवढं पक्कं होतं. पश्चिमेचा कडा चढला की पलीकडे चिलीची हिरवी दरी दिसणार, अशी सगळ्यांची खात्री.

तिसऱ्या दिवशी पर्रादो माथ्यावर पोचला. नजर जाईल तिथवर डोंगर, नुसते डोंगर.

देहाची ओढ परतीचीच असणार. खाली आडोसा होता, ऊब होती, आपली माणसं होती. पर्रादोने लिपस्टिकने एका पिशवीवर वडिलांचं नाव लिहून ते त्या शिखराला दिलं. कानेसाला म्हणाला, मरायचंच असेल तर चालता चालता मरू. अन्न पुरावं म्हणून विझिंतिनला त्यांनी परत पाठवलं. कानेसा थकलेला होता, घाबरलेला होता. तरी तो पर्रादोबरोबर पुढे चालला. माझ्या मते या सगळ्या हकिकतीतली सर्वांत अवघड पावलं तीच.

(दृश्य: फेसाळती नदी. पलीकडे घोड्यावरचा माणूस.)

दहा दिवसांची चाल. नदीपलीकडे सेर्हियो कातालान हा गुराखी दिसला. पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येईना, म्हणून त्याने दगडाला कागद बांधून फेकला. पर्रादोने लिहिलं की डोंगरात पडलेल्या विमानातून आलोय, वर १४ जण आहेत, अन्न नाही, अंगात त्राण नाही. कातालानने पाव फेकले आणि घोड्याला टाच मारली. २२ आणि २३ डिसेंबरला हेलिकॉप्टर वर पोचली, त्यांना वाट दाखवायला पर्रादो आत बसला होता. ४५ पैकी १६ जण जिवंत परतले.

त्या चिठ्ठीत देवाचं नाव नाही, जिद्दीचा शब्द नाही. शेवटी एक प्रश्न आहे: आम्ही कुठे आहोत?