शंकूच्या खोल्या आणि दहा सेंटचं नाणं

मित्रहो, हॉटेलांची साखळी म्हटलं की आपल्याला करारनामे आणि उलाढालीवरची टक्केवारी आठवते. आज मी ज्या साखळीबद्दल बोलणार आहे, तिची रॉयल्टी खोलीतल्या रेडिओतून गोळा व्हायची.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात १९३० च्या दशकात फ्रँक रेडफर्ड यांनी तंबूच्या आकाराच्या खोल्या बांधल्या. आत पोलादी सांगाडा, वर काँक्रीट. नाव दिलं 'विगवॅम व्हिलेज'. १९३६ मध्ये त्यांनी या रचनेचं पेटंट मिळवलं आणि पुढच्याच वर्षी केव्ह सिटीला पंधरा शंकूंचं दुसरं व्हिलेज उभं केलं. मॅमथ केव्हची गुहा पाहायला येणाऱ्या मोटारींची तिथे वर्दळ असे. दिवसभर गाडी चालवून थकलेल्या माणसाला लांबूनच पांढरे शंकू दिसायचे, मुलं मागच्या सीटवरून ओरडायची. वेगळी पाटी लावायची गरजच काय? इमारत हीच पाटी होती.

मात्र नाव चुकलेलं होतं. विगवॅम म्हणजे ईशान्येकडच्या मूलनिवासींचं घुमटाकार घर. शंकूच्या आकाराचा तंबू मैदानी प्रदेशातल्या जमातींचा, त्याला टीपी म्हणतात. रेडफर्डना तो शब्द आवडत नसे. ज्यांच्या घरांवर हा धंदा उभा राहिला, त्यांच्या घराचं नावसुद्धा धड घेतलं गेलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आता त्या रेडिओकडे येतो. अ‍ॅरिझोनातल्या होलब्रुकचे चेस्टर लुईस प्रवासात केव्ह सिटीला गेले आणि त्या शंकूंच्या प्रेमातच पडले. रेडफर्डकडून त्यांनी आराखडे आणि नाव वापरायची परवानगी मिळवली. ठरलं असं की खोल्यांत नाणं टाकून चालणारे रेडिओ बसवायचे. दहा सेंट टाकले की अर्धा तास गाणी, आणि ती नाणी रेडफर्डना पाठवायची. मला हा करार फार सुंदर वाटतो. लुईसवर आगाऊ पैशांचं ओझं नाही, आणि पाहुणा आला तरच रेडफर्डना कमाई. साखळीतलं हे सहावं व्हिलेज रूट ६६ या जुन्या महामार्गावर होलब्रुकला १९५० मध्ये सुरू झालं.

पण एकूण व्हिलेज झाली फक्त सात. का? माझ्या मते उत्तर त्या आकारातच आहे. शंकूवर शंकू चढत नाही. खोली वाढवायची तर जमीन वाढवावी लागते. गोल भिंतीला पलंग-कपाट नीट टेकत नाही, आणि दोन खोल्यांना एक भिंत पुरत नाही. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराला 'मोटेल ६' निघालं. नावातला सहा म्हणजे एका रात्रीचे सहा डॉलर. तिथे नजरेत भरावी अशी कल्पना होती ती दराची, आणि दर कुठल्याही साध्या चौकोनी इमारतीला लावता येतो. ती साखळी देशभर पसरली.

शिवाय शंकू रस्त्यावरून दिसण्यासाठी बांधलेले, आणि रस्ताच हलला. नव्या महामार्गानं होलब्रुकच्या मुख्य वस्तीला वळसा घातला. लुईस यांनी १९७४ मध्ये मोटेल बंद केलं. १९८६ मध्ये ते वारले. त्यांच्या मुलांनी ते शंकू पाडले नाहीत, दुरुस्त केले, आणि १९८८ मध्ये खोल्या पुन्हा प्रवाशांना उघडून दिल्या.